बेळगाव-निपाणी पट्ट्यातली कंट्रोल आणि लढाईची पिढी : आठवणी कशा विचाराव्यात, कशा तपासाव्यात?

वेदगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. निपाणी-चिकोडीच्या मधल्या एका गावातलं वाचनालय यंदा गावातल्या वयस्कर माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवतंय. यादीत १४ जण आहेत, वयं ७८ ते ९६. पासष्ट आणि एकाहत्तरची लढाई पाहिलेले तीन माजी सैनिक, सैनिकांच्या दोन विधवा, बाकी शेतकरी, तंबाखूच्या वखारीत राबलेल्या बाया आणि एक निवृत्त मास्तर.

अडचण अशी की पहिल्या तिन्ही बैठकांत "लई हाल काढलं बघा, आताच्या पोरास्नी काय कळतंय" याच्या पुढं बोलणं जाईना. सवयी मात्र डोळ्यांसमोर आहेत. सुतळीचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवायचा, दिवेलागणीआधी जेवायचं, ताटात पाणी फिरवून प्यायचं, उधारी करायची नाही आणि दुःखाचं अक्षर बोलायचं नाही. हे लढाईनं घडवलं, दुष्काळानं की नुसत्या गरिबीनं, हे वेगळं करता येईल का? नेमकं काय विचारायचं? एका घरात काळी ट्रंक आणि पहिल्या महायुद्धातली दोन पदकं आहेत, त्यांवरून काय कळतं? एका वाड्याच्या अंगणात जुनं पेव (जमिनीखालचं धान्याचं कोठार) आहे, शाळेच्या मुलांना ते उघडून बघायचंय. जाणकारांनी तपशिलात लिहावं ही विनंती.

जुनं दप्तर

"पिढी" हा शब्द आधी फोडून घ्या, नाहीतर सगळ्यांची उत्तरं एकाच पातेल्यात जातील. तुमच्या यादीतला ९६ वर्षांचा माणूस कंट्रोल (दुसऱ्या महायुद्धातलं धान्य-रॉकेलचं सरकारी मोजून वाटप) आलं तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होता. ७८ वर्षांचा तेव्हा जन्मलाही नव्हता. पहिल्यानं रॉकेलसाठी रांग धरली असेल, दुसऱ्यानं मिलोची (अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची) भाकरी खाल्ली असेल. दुसरं महायुद्ध स्वतः लढलेला माणूस आज गावात सापडणं जवळजवळ अशक्य आहे. त्या लढाईचं तुम्हाला मिळेल ते घरात उतरलेलं रूप. बाप वर्षानुवर्षं नाही, महिन्याला मनिऑर्डर, चुलता जायबंदी होऊन परतलेला, शेत आज्जीनं कसलेलं.

साल कधीही थेट विचारू नका. "त्या वेळी आणखी काय झालं होतं?" असं विचारा आणि उत्तर पुढच्या खुणांवर बसवा. मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ १९१८ (ही आईबापांकडून ऐकलेली असेल). भोकाचा पैसा १९४३ ते १९४७. गांधीवधानंतरचं जळीत, १९४८ च्या जानेवारीची अखेर आणि फेब्रुवारी. म्हैसूर राज्यात गेलो तो १ नोव्हेंबर १९५६. नवे पैसे १ एप्रिल १९५७. गोवा मुक्ती डिसेंबर १९६१. शास्त्रीजींनी सोमवारचं रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं ते १९६५. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. मोठा दुष्काळ १९७२. बैल घेतला, विहीर खणली, थोरली लेक झाली, या गोष्टी खुणेच्या अलीकडच्या की पलीकडच्या एवढं जरी कळलं तरी साल एक-दोन वर्षांच्या फरकानं हाती लागतं.

शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी अंदाजानं घातलेली आहे असं धरून चाला. या पट्ट्यात अशा तारखा ढिगानं सापडतात. गावकामगाराच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, म्हणजे जुन्या गाव नमुना १४ मध्ये, नाव सापडलं तर ती तारीख जास्त भरवशाची. एक लक्षात ठेवा: १९५६ पर्यंतचा कागद मुंबई इलाख्याचा किंवा मुंबई राज्याचा आहे, बहुधा मराठीत, त्याही मागचा मोडीत. नंतरचा कन्नडमध्ये. म्हणून एकाच घराचा कागद वाचायला दोन माणसं लागतात. कन्नड वाचणारा सोबती पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. चिकोडी, हुक्केरी, अथणीकडच्या घरांत बोलणंही दोन्ही भाषांतलं असतं. उतरवून घेताना कन्नड शब्द कन्नड म्हणूनच ठेवा, त्याचं मराठी करून टाकू नका.

मापांची गफलत सगळ्यांत जास्त होते. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पण घरोघरी धान्य मोजलं जायचं ते मापी शेरानं आणि पायलीनं, आणि ती मापं गावागणिक वेगळी. घरात जुनं माप असेल तर त्यात ज्वारी भरून आजच्या काट्यावर तोला. सपाट भरायचे की शिगेनं, हेही विचारा, कारण शिगेत बराच फरक पडतो. मेट्रिक वजनं सक्तीची झाली ती १९६० च्या सुमारास, त्यामुळे त्याआधीचा "मण" ऐकला की लगेच ४० किलो लिहू नका. पैशांचंही तसंच: रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै.

आता तुमचा मुख्य प्रश्न. कोणत्याही सवयीला तीन प्रश्न लावा. ती कोणत्या खुणेच्या आसपास घरात आली? तेव्हा कशाचा तुटवडा होता? आणि ती सवय मोडली तर घरात कोण ओरडायचं? दिवेलागणीआधी जेवणाचंच घ्या. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला. तिथूनच आपल्याकडं रॉकेल आणि रंगूनचा तांदूळ येत होता. रॉकेल आटलं, कंट्रोलवर मोजून मिळू लागलं. ज्या घरात आधीपासून करडईच्या तेलाची पणती होती तिथं ही सवय जुनी असेल, तिला लढाई कारण नाही. ज्या घरात कंदील आला होता आणि मग विझवावा लागला, तिथं कारण ब्रह्मदेशची आघाडी. म्हणून "लवकर का जेवायचा?" असं विचारू नका, "घरात पहिला कंदील कधी आला, रॉकेल कशातून आणायचा, बाटली किती दिवस पुरवायचा?" असं विचारा. भोकाचा पैसाही तसाच. तांबं लढाईला लागलं म्हणून सरकारनं पैशाला मधोमध भोक पाडलं. वयस्कर माणसाच्या तळहातावर तो पैसा ठेवा आणि मग गप्प बसा.

ट्रंक आणि पदक

वरचा प्रतिसाद उत्तम. मी फक्त लष्करी वस्तूंबद्दल लिहितो.

ट्रंकेपासून सुरुवात करा. झाकणावर किंवा पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटणीचं आद्याक्षर असतं. रंग उडाला असेल तर पुसू नका, घासू नका. खोलीत अंधार करून बॅटरी कडेनं, पत्र्याला जवळजवळ चिकटवून धरा. अक्षरांचा उठाव दिसतो. गावच्या चावडीत किंवा देवळाच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी असेल (या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके परतले नाहीत, अशा मजकुराची), ती वाचायलाही हीच पद्धत. तिला चुना, अ‍ॅसिड, तारेचा ब्रश लावू नका.

पदकं सांगतात ती कडेनं. पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. रुपेरी आणि राजाचं डोकं असलेलं ते ब्रिटिश वॉर मेडल, खऱ्या चांदीचं. म्हणूनच अनेक घरांत ते दुष्काळात मोडलं गेलं आणि आज नुसती रंगीत फीत उरली. ते कधी, कोणत्या साली मोडलं, हा प्रश्न जरूर विचारा; त्यातून घराची आर्थिक घडी कळते. पितळी रंगाचं, पंख असलेल्या देवतेचं ते व्हिक्टरी मेडल. चिंच, लिंबू, राख किंवा पॉलिश लावून पदक उजळू नका, कडेवरची अक्षरं झिजतात. पदक हळूहळू फिरवत कडेचे पाच-सहा फोटो काढा आणि मग जोडून वाचा. दुसऱ्या महायुद्धातल्या तारे-पदकांवर, भारतात दिलेली असतील तर, नाव सापडतं. फितीवरूनही आघाडी कळते: लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल म्हणजे इटली, मध्ये लाल, बाजूंना गडद निळा आणि नारिंगी म्हणजे ब्रह्मदेश.

नाव मिळालं की घरातल्या शब्दांशी जुळवा. कोणी "बसरा" म्हणालं तर मेसोपोटेमिया समजा. कुत अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला, तिथली फौज शरण आली. धान्य संपत आलं तेव्हा घोड्याचं मांस वाटलं गेलं आणि धर्मामुळे पुष्कळ हिंदी शिपायांनी बराच काळ ते नाकारलं. भाजीपाला नव्हता, त्यातून स्कर्व्ही झाला. कैदेत गेलेल्यांना पुढं रेल्वेच्या कामावर राबवलं. अशा घरात "अन्नाला नावं ठेवायची नाहीत" हा दंडक असेल तर तो कुठून आला असेल हे विचारण्याजोगं आहे. पण उत्तर तुम्ही सुचवू नका.

दुसऱ्या महायुद्धात "इटली" आलं तर ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी तिथं होत्या. नाईक यशवंत घाडगे (जुलै १९४४) आणि शिपाई नामदेव जाधव (एप्रिल १९४५) यांना व्हिक्टोरिया क्रॉस तिथलाच. एरिट्रियातलं केरेन १९४१ चं, मणिपूरमधलं सांगशाक मार्च १९४४ चं. पासष्टला हुसैनीवाला, एकाहत्तरला जमालपूर ही नावं मराठा पलटणींच्या माणसांकडून येतील. मात्र गावातला प्रत्येक फौजी "मराठा"च होता असं धरू नका. खडकीचे सॅपर्स, पुरवठा खातं, खच्चरांच्या तुकड्या, मजूर पथकं, सगळीकडं या भागातली माणसं होती. आणि महार रेजिमेंटची पहिली बटालियन बेळगावातच, १ ऑक्टोबर १९४१ ला उभी राहिली. १११ वी महार पलटण पहिल्या महायुद्धात काढली आणि १९२१ मध्ये मोडली. म्हणजे वीस वर्षं त्या घरांतल्या तरुणांना स्वतःची पलटण नव्हती. डॉ. आंबेडकरांनी पाठपुरावा करून ते दार पुन्हा उघडून घेतलं. त्या घरांत लष्करी शिस्तीचा अर्थ वेगळा आहे. तिथं गणवेश हा हक्काचा पुरावा होता. तुमच्या १४ जणांच्या यादीत त्या वस्तीतलं कोणी नसेल तर आधी यादी वाढवा.

परत न आलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची नोंदयादी इंटरनेटवर फुकट शोधता येते. तीत फक्त मृतांची नावं आहेत. जिवंत परतलेल्याचं नाव तिथं नसणारच. नाव पूर्ण टाकू नका, पहिली तीन-चार अक्षरंच टाका, कारण इंग्रज कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलंय. पलटणीच्या नावात "मराठा"चं जुनं इंग्रजी स्पेलिंग आहे, मध्ये एक जादा एच असलेलं. नव्या स्पेलिंगनं शोधलं की काहीच सापडत नाही आणि लोक शोध सोडून देतात. "अमक्याचा मुलगा, अमकं गाव, बेळगाव" अशी जादा माहिती काही नोंदींना असते, त्यामुळे गावाच्या नावानंही शोधून बघा.

पासष्ट-एकाहत्तरच्या तिघांची डिस्चार्जची पुस्तिका मागा. तीत भरतीची तारीख, कुठं कुठं नोकरी, पदकं आणि "कॅरेक्टर" या रकान्यात शेरा असतो: एक्झम्प्लरी, व्हेरी गुड, गुड असे ठरीव शब्द. तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी हा रकाना आहे असं मला वाटतं. त्या माणसांचं चारित्र्य लिहून ठेवलं जात होतं. शिक्षा झाली की लाल शाईनं नोंद व्हायची, आणि निवृत्तीनंतर वॉचमनपासून बँकेच्या शिपायापर्यंत कोणतीही नोकरी मागायला गेलं की आधी तो शेरा बघितला जायचा. पाच मिनिटं उशीर झाला तर कासावीस होणं, कपड्याची घडी, वरिष्ठापुढं न बोलणं यांच्या मागं ही वही आहे. "तुमच्या पुस्तकात काय शेरा आहे?" असं विचारा. बहुतेक जण तो शब्द पाठ म्हणून दाखवतील.

पुस्तिका हरवली असेल तर मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड्स ऑफिस बेळगावातच आहे. अर्ज स्वतः सैनिकानं किंवा जवळच्या वारसानं करायचा, नंबर-हुद्दा-नाव-भरतीचं साल देऊन. वाचनालयाच्या नावानं केलेला अर्ज चालणार नाही. आणि सेवा क्रमांक, पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक, बँकेचे तपशील तुमच्या प्रकाशनात येऊ देऊ नका. पेन्शनवर डोळा ठेवून फसवणारे खूप आहेत.

कागदांना लॅमिनेशन नको आणि चिकटपट्टी नको. हात जोडून सांगतो. लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद कागदाचा कायमचा नाश करतात. खिडकीच्या सावलीतल्या उजेडात फोटो काढा आणि कागद साध्या पाकिटात सपाट ठेवा.

कण्या-आंबील

स्वयंपाकघर सोडून या पिढीचा अभ्यास होऊच शकत नाही, म्हणून हे लिहिते.

"काय खायचा?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्याला "भाकरी-चटणी" एवढंच उत्तर येतं. "घरात किती खाणारी तोंडं, दिवसाला किती पीठ, कोण शेवटी जेवायचं?" असं विचारा. हिशेब करून बघा. १९४६ मध्ये रेशनचं धान्य मोठ्या माणसाला दिवसाला १२ औंसांवर आलं होतं, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम. एका भाकरीला १०० ते १२० ग्रॅम पीठ धरा. दिवसाच्या तीन भाकरी झाल्या. मोटेवर किंवा नांगरावर राबणाऱ्या माणसाला त्या एका वेळेला लागतात. ही तूट कुणाच्या ताटातून भरून काढली, हे कळलं की त्या घरातल्या बायकांचा स्वभाव कळायला लागतो.

धान्य पुरवायच्या रीती करून दाखवायला सांगा, नुसत्या सांगायला नको. हात चालू लागले की बोलणं आपोआप येतं. कण्या: ज्वारी जात्यावर जाडसर भरडायची, एक वाटी भरड्याला चार वाट्या पाणी, मीठ, मंद आचेवर शिजवायच्या. भाकरीपेक्षा कमी धान्यात पोट भरतं, कारण पाणी धरून ठेवतात. आंबील: मूठभर ज्वारीचं किंवा नाचण्याचं पीठ रात्री ताकात किंवा पाण्यात भिजवायचं, सकाळी एकाला आठ या प्रमाणात उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहायचं; ढवळणं थांबलं की गुठळ्या होतात. हुलग्याचं माडगं पावसाळ्यातलं, भाजलेल्या हुलग्याच्या पिठाचं. हे पदार्थ आज हौसेनं होतात, त्या काळी ते धान्य ताणायचे मार्ग होते. कोणत्या महिन्यात भाकरीवरून कण्यांवर आणि कण्यांवरून आंबिलीवर यायची वेळ येत होती, हे विचारा. आषाढ-श्रावण असं उत्तर आलं तर ती नेहमीची गरिबी. माघ-फाल्गुनातच, म्हणजे सुगीच्या तोंडावर, आंबील आली असेल तर ते दुष्काळाचं किंवा लेव्हीचं वर्ष. लढाईच्या काळात शेतकऱ्याकडून सरकार ठरीव दरानं लेव्ही घेत होतं. किती पायल्या दिल्या, कुठं नेऊन घातल्या, भाव काय मिळाला, तेही सोबत नोंदवा.

मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लालसर ज्वारी. तिच्या पिठाला विरी (चिकटपणा) नसे. थापताना भाकरीच्या कडा फुटायच्या, तव्यावर टाकताना मोडायची. म्हणून पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, गरम असतानाच भाकरी थापायची, आणि जमलं तर घरच्या ज्वारीचं पीठ मिसळायचं. मिलोची आठवण आली की वयस्कर बाया लाजतात, कारण ती दुसऱ्यानं दिलेल्या धान्याची भाकरी होती. पदार्थावरून सुरुवात केली तरच हे बोलणं निघतं.

आता पेवाचं. चिकोडी, अथणी, रायबागच्या कोरड्या भागात पेवं असत. कन्नडमध्ये त्यालाच हगेव म्हणतात. काळ्या रानात पेव टिकत नाही. ती माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात पाणी आत सोडते. म्हणून ते गावठाणाच्या पांढरीत किंवा मुरमाच्या उंचवट्यावर. तोंड एका माणसापुरतं, खाली पोट रुंद, रांजणासारखं. आत काड्या जाळून भिंती सुकवायच्या, शेणमातीनं सारवायच्या, तळाला आणि कडेनं कडबा किंवा भुसा द्यायचा, कडक वाळलेली ज्वारी ओतायची, वर पुन्हा भुसा, मग दगडाची फरशी, मातीचा गिलावा आणि पाणी निघून जावं म्हणून वर मातीचा उंचवटा. आतली हवा कोंडते, धान्य आणि किडे मिळून प्राणवायू संपवतात, कीड मरते. ओल शिरली तर भिंतीकडचा थर काळा पडतो, त्याला कुबट वास येतो, तो जनावरांना. पेवातली ज्वारी बियाण्याला चालत नाही, उगवण जाते. बी वेगळं, कणगीत राख आणि कडुलिंबाचा पाला घालून. म्हणून उपासमारीतही बियाण्याच्या कणगीला हात न लावणं ही त्या घराची खरी कसोटी होती. तो हात कोणत्या वर्षी लागला, हे हळुवारपणे विचारा.

मुलांना पेवात उतरू देऊ नका. धान्य नसलेल्या जुन्या पेवातही पालापाचोळा कुजून प्राणवायू संपलेला असू शकतो, आणि कार्बन डायऑक्साइड जड असल्यानं तळाशी साचतो. माणूस खाली पोचताच कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. जुनी माणसं तोंड उघडून दिवसभर ठेवत आणि कंदील सोडून बघत, पण कंदील जळत राहिला म्हणजे हवा सुरक्षित असं नव्हे, आणि भिंत ढासळण्याचा धोका वेगळाच. फोनची बॅटरी लावून तो बांबूला बांधा, वरूनच चित्रीकरण करा, दोरीला दगड बांधून खोली मोजा आणि तोंडावर लोखंडी जाळी बसवा.

मलप्रभा-उगम

एक आक्षेप नोंदवतो. वर सगळीकडं "ही पिढी घडली" असा सूर आहे. ज्यांना आपण भेटतो ते तगलेले आहेत. जे मोडले ते भेटायला उरले नाहीत किंवा घरच्यांनी त्यांची नावं घेणं सोडलं. लढाईहून आल्यावर दारूत गेलेला, रात्री ओरडत उठणारा, वर्षभर ओट्यावर नुसता बसलेला, असा कोणीतरी बहुतेक गावांत होता. "त्या घरातलं कोण परत आल्यावर कामाला लागलंच नाही?" हा प्रश्न तुमच्या यादीत हवा, नाहीतर फक्त कौतुकाचा ग्रंथ तयार होईल.

न बोलण्याबद्दल. फौजीचं पत्र घरी पोचेपर्यंत किमान दोन परके लोक ते वाचत, एक सेन्सॉर आणि दुसरा गावातला वाचून दाखवणारा पोस्टमन किंवा मास्तर. मनातलं लिहायला जागाच नव्हती. "मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे" एवढंच लिहायची सवय लागली आणि तीच बोलण्यात उतरली. पासष्ट-एकाहत्तरच्या पत्रांवर ठिकाण नसे, फक्त ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक). ९९ म्हणजे पूर्वेकडं, एवढाच माग घरच्यांना लागे. आणि तार आली की मजकूर वाचायच्या आधीच रडणं सुरू होई. विधवांना नवऱ्याच्या मरणाबद्दल विचारू नका. तार कोणी आणली, कोणी वाचली, त्या दिवशी चूल पेटली का, पेन्शनसाठी बेळगावला पहिल्यांदा कोणाबरोबर गेल्या, अंगठा की सही, असं विचारा. बासष्टला, चीनच्या लढाईत, संरक्षण निधीला कोणता दागिना गेला, तेही. पुढं १९६३ मध्ये १४ कॅरेटचा नियम आला (त्याहून शुद्ध सोन्याचा दागिना घडवायचा नाही), त्यामुळे गेलेला दागिना तसाच पुन्हा घडवणं अवघड झालं.

आमच्या खानापूर भागाचं वेगळं. इथं पाऊस धो धो, पेव चालत नाही, भात कणगीत किंवा मुडीत (पेंढ्याच्या गाठोड्यात). इथली झळ गोव्याच्या हद्दीची होती. १९५५ मध्ये कॅसलरॉकवरून पुढं जाणारी रेल्वे बंद पडली, घाटाखालचा व्यापार आणि सोयरीक तुटली, ती १९६१ पर्यंत. डिसेंबर १९६१ मध्ये बेळगावात फौज जमली, सांबऱ्याहून विमानं उडाली, अनमोडकडून पायदळ उतरलं. निपाणीच्या बायांना सोमवारचा उपास आठवेल, कणकुंबी-जांबोटीच्या बायांना सहा वर्षं न भेटलेली बहीण. दोन्हींना एकाच "लढाईची पिढी" या नावाखाली घालू नका.

वेदगंगाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी वाढवतोय आणि पेवावर जाळीचं काम सांगितलंय. शेवटचं: ध्वनिमुद्रण साध्या फोनवर चालेल का? नातवंडं मध्येच बोलतात, त्याचं काय करावं?

जुनं दप्तर

फोन पुरेसा आहे. विमान मोडवर टाका, पंखा बंद, फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर घडी घातलेल्या टॉवेलवर. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, गोधड्या रचलेल्या माजघरात बसा. वेळ सकाळी न्याहारीनंतरची, ४० मिनिटांच्या वर नाही. सुरुवातीला तारीख, गाव आणि "हे रेकॉर्ड करू का, कोणाला ऐकवलेलं चालेल?" हे त्यांच्याच आवाजात घ्या. त्याच संध्याकाळी फाइलला तारीख-गाव-क्रमांक असं नाव देऊन दोन प्रती वेगळ्या घरांत ठेवा. "नंतर करू" म्हटलेल्या फाइली फोनबरोबर जातात.

नातवंडांना काम द्या: एकानं जुनं माप आणायचं, दुसऱ्यानं फोटो धरायचे, पण उत्तर द्यायचं नाही असं आधीच सांगा. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. वयस्कर माणसाचं खरं उत्तर बहुधा सातव्या-आठव्या आकड्याला सुरू होतं. चुकीचं साल सांगितलं तरी तिथं दुरुस्त करू नका, वहीत खूण करा. सिनेमात किंवा टीव्हीवर पाहिलेली लढाई स्वतःच्या आठवणीत मिसळते. मोठे संवाद आले की समजा. मग पाय कुठं ओले झाले, जेवण कशात मिळालं, बूट कितीदा बदलले असं विचारलं की माणूस स्वतःच्या जागी परत येतो.

आणि एखाद्या वेळी बोलणं थांबलं, डोळे भरले, तर फोन बंद करा, तो बंद केल्याचं त्यांना दिसू द्या, आणि पाण्याचा तांब्या पुढं करा. पुढचा प्रश्न त्या दिवशी नको. आठवड्यानं जाऊन कुठं थांबलो होतो ते सांगायचं नाही. ते स्वतः तिथून सुरू करतात का, ते बघायचं.